बोरी फुलावर असताना

बद्रीनाथचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चितेगाव तेव्हा झोपलेलं असे. तो उठायचा, चूळ भरायचा आणि आधी कोयता घासायला बसायचा. चहा नंतर. धार लावायच्या आधी चहा घेतला की हात सैल पडतो, असं त्याचं म्हणणं होतं. कोयता झाला की कुऱ्हाड, मग करवत. करवतीच्या दात्यांत अडकलेला चीक तो खिळ्याने खरवडून काढायचा. शेवटी दोर. दोर वीत-वीत हातातून सोडत जायचा आणि कुठे धागा सुटलेला लागला तर तेवढाच भाग पुन्हा पिळायचा. मग सगळं सायकलला बांधून पैठण रस्त्याने औरंगाबाद.

हा धंदा त्याच्या बापाचा. बाप रामकिसन औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांतून घराभोवतीची झाडं छाटत फिरायचा. बद्रीनाथ पोरवयात त्याच्यासोबत दोर धरायला जात असे. मिसरूड फुटल्यावर तो जिनिंगमध्ये हमालीला लागला आणि कापसाच्या गाठी उचलण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. बाप गेला. पुढे जिनिंगही बंद पडलं. तेव्हा बद्रीनाथने खुंटीवरचा कोयता काढला आणि बापाच्या घरांची दारं वाजवली.

लोकांनी त्याला काम दिलं, कारण त्याचं काम बापापेक्षा नेटकं होतं. मोठी फांदी तोडताना तो आधी खालून खाच घ्यायचा, मग वरून कापायचा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नसे. फांदी तो कधी टाकायचा नाही; दोराने उतरवायचा. काम झाल्यावर अंगण झाडून द्यायचा. लाकूड छाटणाऱ्याचं, पाला घरवाल्याचा, अशी रीत होती, आणि पाल्याचं एक पानसुद्धा तो कधी सायकलवर ठेवत नसे.

पण त्याला खरा अभिमान होता तो वेळेचा.

"कापायला काय, हजामबी कापंल," तो म्हणायचा. "कवा कापायचं ते ठाव पाहिजे."

बापाला अक्षर येत नव्हतं. त्याने प्रत्येक घरच्या झाडाला त्या घरची एक खूण लावून ठेवली होती आणि पोराकडून ती पाठ करून घेतली होती. वकिलाच्या दारचा कडुलिंब पाडव्यानंतर, कारण पाडव्याला गल्ली त्याचा फुलोरा न्यायला येते. मास्तरांचा आंबा शेवटची पाटी उतरली की लगेच. दसऱ्यानंतर आंब्याला शिवायचं नाही, नाहीतर मोहोर गेला. द्वारकाबाईचा शेवगा शेंगा संपल्या की, पावसाच्या आत. आणि मोहियोद्दीनची बोरी बकरीदच्या आधी.

द्वारकाबाई ही मोहियोद्दीनच्या शेजारची, तोंडाची फटकळ म्हातारी. तिने एकदा भर श्रावणात त्याला बोलावलं. शेवग्याची फांदी तिच्या पत्र्यावर घासत होती. बद्रीनाथने कोयता सायकलवरून सोडलासुद्धा नाही.

"मावशी, पावसात शेवगा तोडला तर खोडात पाणी शिरतंय, कुजतंय. तुमाला झाड ठेवायचंय का सरपण करायचंय?"

"अरं, एकच फांदी."

"एक नाय न् अर्धी नाय. झाडालाबी मुहूर्त असतोय. गल्लीला सांगतो, कुणी हात लावू देऊ नका हिला."

गल्ली हसली. द्वारकाबाईने ते हसू गाठीला बांधून ठेवलं.

त्यानंतर एका साली दसरा आणि बकरीद पाठोपाठ आली. दसऱ्याच्या आधी मोहियोद्दीनचा पोरगा शफी चितेगावला आला. पोरगा म्हणजे चांगला बाप्या, शिंप्याच्या दुकानात कामाला. मोहियोद्दीन तोवर अल्लाला प्यारे झाले होते. रामकिसन गेल्यावर त्यांच्या हयातीत बोरीचा पाला तेच काढायचे. दोन वर्षं झाली, कुणी तिला हात लावला नव्हता.

"बद्रीभाई, अम्मी बुलाई," शफी म्हणाला. "बकरा लाए हैं. दो डगाले पाला उतार के देव."

"दोन डगाळ्यांनी काय हुतंय?" बद्रीनाथ म्हणाला. "बोरीची छाटणी इदीच्या आधीच असती. माझा बाप करत व्हता. पुरी करून देतो."

"देखो. तुमको मालूम."

तो गेला तेव्हा शफीची आई शहजादीबी घरी नव्हत्या. ईदेचा मसाला आणायला बाजारात गेल्या होत्या. बकरा खुंट्याला बांधलेला होता. बोरी अंगणाच्या कोपऱ्यात, निम्मी अंगणावर आणि निम्मी गल्लीवर झुकलेली. शेजारच्या ओट्यावर द्वारकाबाई वाती वळत बसली होती.

बद्रीनाथने हातांना गोणपाट गुंडाळलं, कारण बोरीचा काटा वाकडा असतो, शिरला की मांस घेऊन निघतो. शिडी लावली, वर चढला, आणि पहिली मोठी फांदी रीतीप्रमाणे खालून खाच, वरून काप, दोराने खाली. शफीने तिचा पाला बकऱ्यापुढे टाकला. बकऱ्याने मान खाली घातली.

दुसऱ्या फांदीसाठी बद्रीनाथ आत सरकला आणि त्याचं तोंड पाल्यात गेलं. उग्र वास आला. भोवती माश्या घोंगावत होत्या. पानाच्या प्रत्येक बगलेत हिरवट-पिवळी फुलं होती, इतकी बारीक की खालून पाहणाऱ्याला पानाचाच भाग वाटावीत. काही ठिकाणी फुलं गळून ज्वारीच्या दाण्याएवढी बोरं धरली होती.

त्याचा हात थांबला.

बोरीचं बोर नव्या फुटव्यावर येतं. म्हणून उन्हाळ्यात, फळं संपून झाड निजलेलं असताना तिला खरडून काढायची, मग पावसात फूट येते आणि त्या फुटीवर फुलं. हे बद्रीनाथला माहीत होतं. या घडीला हातात होती ती तीच फूट. कापली की यंदाचं बोर गेलं.

"का रं बद्री?" खालून द्वारकाबाई ओरडली. "मुहूर्त टळला का?"

"काटं बघतोय, मावशी."

"काटं काय बघतो, फुलं बघ! वास आलाय हितवर. फुलावर हाये ती. आमच्या शेवग्याला तू पंचांग काढलं हुतं, अन् हिला नाय व्हय?"

शफी हसला. त्याला फुलांचं काही कळत नव्हतं; तो म्हातारीच्या बोलण्यावर हसला. पण वर बसलेल्या माणसाला खालचं हसू वेगळं ऐकू येतं.

"शेवगा येगळा, बोरी येगळी," बद्रीनाथ म्हणाला. "ही इदीच्या आधीच छाटायची असती. माझ्या बापानं जल्मभर छाटली."

"मग छाट बाबा. तुझ्या बापापुढं आमचं काय चालतंय!"

एकच फांदी गेली होती. तेवढ्यावर उतरता आलं असतं. 'बाई म्हणती ते खरंय, उन्हाळ्यात येतो' एवढं म्हणायचं आणि शिडीच्या पायऱ्या मोजत खाली यायचं. पाल्यापुरती फांदी मिळालीच होती, आणि घरच्यांनी मागितला होता तोही तेवढाच पाला. हे सगळं त्याला त्या घडीला, त्या डहाळीवर बसल्याबसल्या कळत होतं. त्याने करवत दुसऱ्या फांदीला लावली.

रागाने केलं असतं तर काम ओबडधोबड झालं असतं आणि पुढे रागावर ढकलता आलं असतं. पण त्याने ते चोख केलं. प्रत्येक फांदीला खाच, प्रत्येक काप तिरका, पाणी साचू नये असा. निम्मं झाड झालं असताना शहजादीबी पिशवी घेऊन आल्या. त्यांनी वर पाहिलं. अंगणात पडलेल्या ढिगाकडे पाहिलं, त्यावर बसलेल्या माश्यांकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर बसल्या, पिशवी मांडीवर धरून, आणि काम संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. बद्रीनाथने त्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. घरची मालकीण काही म्हणत नाही, म्हणजे रीत हीच असेल.

तो उतरला तेव्हा बोरीची जाड बोटं तेवढी आभाळाकडे उभी होती.

"कट गया?" शहजादीबींनी विचारलं.

"हौ, चाची."

"चाय पिओ."

त्यांनी चहा दिला, मजुरी दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि खिशात घातली. अंगण झाडून दिलं. द्वारकाबाई वाती उचलून आत गेली होती.

बोराटी, म्हणजे काट्यांच्या फांद्या, त्याने बैलगाडीवाल्याला सांगून चितेगावला नेल्या आणि घरामागच्या वांग्याच्या वाफ्याला कुंपण घातलं. त्याची बायको साळूबाई वाफ्याशी आली, फांदी वाकवून पाहू लागली.

"अगं बया! हिला तर बोरं धरली हुती की."

"वांझ फुलं हायेत ती."

"वांझ? ह्यो बघा दाणा. ह्यो बघा. कुणी तोडली ही?"

तो घरात निघून गेला. त्या रात्री जेवताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

बाप चुकला कसा, हे कोडं मात्र त्याला सुटेना. दुसऱ्या दिवशी पैठण रस्त्याने सायकल मारताना ते सुटलं, आणि सुटल्यावर त्याने सायकल बाभळीला टेकवून ठेवली, इतकी ती गोष्ट साधी निघाली. बापाने त्याला ती खूण सांगितली, ती साल त्याला आठवली. झळा लागत होत्या. दोराने हात भाजत होते. मोहियोद्दीनच्या घरून कैरीचं पन्हं आलं होतं. बकरीद त्या काळात वैशाखात येत होती. बकऱ्याला पाला आणि बोरीला छाटणी, एका कामात दोन्ही उरकायची.

ईद चांदावर चालते, दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, हे औरंगाबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बद्रीनाथलाही ठाऊक होतं. त्याने थंडीतला रमजान पाहिला होता आणि पावसातलाही. पण हे एक आणि बापाचं वाक्य दुसरं, ही दोन त्याने कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. बाप बरोबर होता. त्याची खूण सरकत सरकत दसऱ्यावर आली होती, आणि बोरी होती तिथेच होती.

पण याने त्याचं मन हलकं झालं नाही. न कळता चूक झाली असती तर हे कारण पुरलं असतं. झाडावर बसला असताना त्याला कळलं होतं.

संक्रांत आली. त्या गल्लीची एक रीत होती. सुगडात घालायला आणि लहान पोरांच्या बोरन्हाणाला बोरं शहजादीबींच्या झाडाची. पोराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाच्या गंडेऱ्या ओतायच्या, आणि बाकीच्या पोरांनी त्या वेचायच्या. बाजारात बोरं मिळत होती, पण गल्लीतल्या बायका भोगीच्या दिवशी शहजादीबींच्या दाराशी परड्या घेऊन उभ्या राहायच्या. मोहियोद्दीन असताना ते स्वतः झाड हलवायचे.

भोगीला बद्रीनाथ द्वारकाबाईच्या परसात ओंडके फोडत होता. त्याने ते काम नको म्हटलं होतं, पण तिने माणूस पाठवून पाठवून बोलावलं. मधल्या भिंतीपलीकडून बायकांचे आवाज आले.

"शहजादीआपा, यंदा झाड असं का हो केलं? पोराचं पयलंच बोरन्हाण हाये माझ्या."

ही आशाबाई, गल्लीच्या तोंडाशी राहणारी. कडेवर पोर असावं. ते किरकिरत होतं.

"क्या बोलूं बाई," शहजादीबी म्हणाल्या. "मैंइच बोली बद्रीभाई को, पूरा काट दो. झाड थक गया था. एक साल आराम करने दो बोली."

"अन् फुलावर व्हतं म्हणत्यात?"

"मेरेकूच नईं समझा. बुढ्ढी हो गई मैं. बुरा मत मानो. तिलगूळ लाए सो देव, इत्ते खाली हात कायकू आए?"

बायका हसल्या. बोलणं दुसरीकडे वळलं. परड्या रिकाम्या गेल्या.

बद्रीनाथच्या हातात कुऱ्हाड वर उचललेली होती. भिंत छातीएवढी होती. मान वर केली असती तर सगळ्या बायकांना तो दिसला असता. 'त्यांनी नाय सांगितलं, मीच केलं,' एवढं म्हणायला किती श्वास लागतो? गाठ उचलणाऱ्या माणसाला श्वासाची वाण नसते. पण त्याने कुऱ्हाड हळूच ओंडक्यावर टेकवली, आवाज होऊ नये म्हणून, आणि बायका जाईपर्यंत वाकून ढलप्या गोळा करत राहिला. गोळा करण्यासारख्या तिथं फारशा नव्हत्याही.

द्वारकाबाई मागच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि त्याचं वाकणंही पाहिलं होतं. तो वाट पाहत राहिला, आता बोलेल, आता बोलेल. पण ती त्याला भाकरी आणि भोगीची भाजी देऊन आत वळली. वळताना एवढंच म्हणाली, "तुझ्यावर त्या बाईनं पदर घातला बघ, बद्री. माझ्याच्यानं नसतं झालं."

त्याने भाकरी भाजीसकट फडक्यात बांधली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

त्यानंतर तो औरंगपुऱ्याला जाताना ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. वैशाखात द्वारकाबाईच्या शेवग्याची वेळ आली. त्याने हाताला लागलं आहे असा निरोप पाठवला. लागलं काही नव्हतं. बाकीच्या घरी काम चालू होतं, पण बोलणं बंद झालं. पूर्वी फाटकात सायकल लावतानाच तो मालकाला झाडावर व्याख्यान द्यायचा. आता झाडाभोवती हिंडायचा, पानं उलटी करून पाहायचा, डहाळीची टोकं नखाने खरवडायचा, घरटं आहे का बघायचा, आणि मालकाने "कधी छाटायचं?" विचारलं तर "बघून सांगतो" म्हणायचा. गारखेड्यातल्या एका साहेबाने साळूबाईजवळ तक्रार केली, तुझ्या नवऱ्याला पूर्वीसारखं काही येत नाही असं दिसतं.

पुढल्या साली ईद दसऱ्याच्या आधीच आली. शफी पुन्हा चितेगावला आला.

"अम्मी बोली, दो डगाले पाला होना. बकरा भूका है."

"बोरी कशी हाये?"

"कशी म्हणजे? है ना. बारीक-बारीक फूटी है. फूल आए बोलते अम्मी."

"येतो," बद्रीनाथ म्हणाला. "तू हो म्होरं."

साळूबाईने विचारलं, "जाणार हाय का तिथं?"

"जायचं."

"कोयता घेतला नाय."

त्याने सायकल बाहेर काढली. आदल्या आठवड्यात वकिलाच्या मळ्यात चिंचेच्या वाळल्या फांद्या उतरवायचं काम झालं होतं, जोखमीचं, उंचावरचं, आणि ती मजुरी अजून खर्चायची होती. साळूबाईने ती घराच्या गळक्या पत्र्यासाठी मनाशी धरून ठेवली होती. तो शहागंजला गेला आणि जनावरांच्या चाऱ्याच्या बाजारातून ताजा लसूणघास घेतला. पेंढ्या निवडून घेतल्या. पिवळी पडलेली एक परत केली. सायकलच्या मागे, पुढे, दांडीवर सगळीकडे घास बांधला आणि सायकल ढकलत त्या गल्लीत शिरला.

द्वारकाबाई ओट्यावर होतीच.

"बकरं झाला का रं तू?"

"व्हय मावशी," तो म्हणाला आणि थांबला नाही.

शहजादीबी दारात आल्या. त्यांनी घासाकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"कोयता किधर है?"

"आणला नाय, चाची. बोरी फुलावर हाये. आता नाय कापायची." मग तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, कारण हळू बोललं तर पुन्हा चोरी होईल असं त्याला वाटलं. "मागल्या सालीबी फुलावर हुती. मला दिसलं हुतं. दिसून मी कापली. तुमी सांगितलं नव्हतं, माझ्याच मस्तीनं कापली."

शेजारच्या ओट्यावरची हालचाल थांबली.

"मेरेकू मालूम था," शहजादीबी म्हणाल्या.

"आर्धं झाड हुतं तवा, तुमी आल्या तवा. बोलल्या का नाय मग?"

"तुम उप्पर थे. हात में करवत. नीचे से आवाज दिए तो आदमी चमकता, पांव चुकता. झाड फिर आता, बद्रीभाई." त्या खाली बसून घासाची पेंढी सोडू लागल्या. "तुमारे घर में बी कोई राह देखता."

वर बसून आपण काय समजत होतो आणि उंबऱ्यावर ही बाई काय पाहत होती, हे त्याच्या डोक्यात एकदमच आलं, आणि मांडीएवढ्या पोरासारखं त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाला नाही. उरलेल्या पेंढ्या सोडून बकऱ्यापुढे टाकल्या.

शहजादीबींनी पैसे आणले.

"नको," तो म्हणाला. "मागल्या सालची मजुरी मी झाड वाया घालवायची घेतली."

"तो ये घास?"

"घास दरसाल येईल. ईद उन्हाळ्यात येईस्तोवर. मग बोरी मी छाटीन, तुमी बोलवलं तर."

"वो तो लई बरस लगेंगे."

"लागू द्या."

लागले. ईद भादव्यातून श्रावणात आली, आषाढात आली, वर्षामागून वर्षं सरकत राहिली, आणि दरसाल त्या दिवसांत बद्रीनाथच्या मजुरीतला पहिला वाटा शहागंजच्या चारावाल्याकडे गेला. साळूबाईने पत्र्याखाली भांडी मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, "घरच्या शेळीला बांधावरचं गवत, अन् लोकाच्या बकऱ्याला इकतचा घास!" तो ऐकून घ्यायचा. पत्रा पुढे कधीतरी बदलला. घास मात्र एकाही साली चुकला नाही, आणि त्यात पिवळी पेंढी कधी गेली नाही.